भूमिगतांचं पुढे काय झालं

उसाचा हंगाम सुरू झाला की कराडहून ताकारी, पलूस करत सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर घाई करून उपयोग नसतो. पुढे ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मध्येच टायरगाड्यांची रांग, आणि पडलेली कांडी उचलायला टपलेली पोरं. अशा वेळी वाचायला कारखान्यांच्या पाट्या असतात. वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर, कुंडलचा क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड, सांगलीचा वसंतदादा पाटील. तिकडे वर भुईंजला किसन वीर. ओळीने वाचलं तर कारखान्यांची यादी वाटत नाही, एखाद्या फरारी टोळीचा हजेरीपट वाटतो. आणि एका अर्थी तो आहेच. यातला किसन अहिर शिराळा तालुक्यात पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. बाकीचे जगले, म्हातारे झाले, आणि जगले म्हणूनच एकमेकांच्या विरोधात उभे राहिले.

१९४२चा सातारा आपल्याला पाठ असतो. शाळेत शिकवतात, ९ ऑगस्टला भाषणं होतात. माझं कुतूहल त्याच्या पुढचं आहे. ज्यांनी परक्याचं सरकार बाजूला सारून गावागावात आपलं प्रतिसरकार चालवलं, त्यांना खरोखरच आपलं सरकार आल्यावर काय करायचं होतं? ते सरकार त्यांना आपलं वाटलं का? हा प्रश्न नव्याने स्वतंत्र झालेल्या बहुतेक देशांना पडला आणि बहुतेकांनी त्याचं उत्तर वाईट दिलं. आयर्लंडमध्ये एकाच फौजेतून लढलेल्यांनी १९२२ साली एकमेकांवर बंदुका रोखल्या. केनियात जंगलात राहून लढलेल्या माऊ माऊ सैनिकांना १९६३ नंतरच्या स्वदेशी राजवटीने दाराबाहेरच उभं केलं. साताऱ्यात दोन्हींपैकी काही झालं नाही. का झालं नाही, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

ऑगस्ट-सप्टेंबर १९४२मध्ये सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. २४ ऑगस्टला कराड, ३ सप्टेंबरला तासगाव. तासगावात तर मामलेदाराने गांधी टोपी घालून झेंडा फडकवला, इतकी माणसं जमली होती. मग सरकार सावध झालं. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, ९ माणसं पडली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला दोन. इथून पुढे नि:शस्त्र मोर्च्यांचा मार्ग बंद झाला आणि तरुण पोरं रानात गेली.

रानात गेली म्हणजे कुठे गेली, हे महत्त्वाचं आहे. तेव्हाचा सातारा जिल्हा नकाशावर गोधडीसारखा होता. इंग्रजांच्या ताब्यातला तो खालसा मुलूख. त्याच्या मध्येमध्ये औंध, फलटण, सांगली, मिरज, जत या संस्थानांची ठिगळं. कुंडल गाव औंध संस्थानात, किर्लोस्करवाडीही औंधचीच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आज सूर्यनमस्कारांसाठी आणि चित्रांसाठी आठवतात, पण १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देऊन टाकली होती. राज्यकारभार ग्रामपंचायतींकडे. अशा राजाच्या हद्दीत इंग्रजी पोलिसांना भूमिगत माणूस पकडून द्यायला कोण धावणार? खालशात सरकारी खजिन्यावर डल्ला मारायचा आणि शीव ओलांडून औंधच्या हद्दीत जेवायला यायचं. प्रतिसरकार साताऱ्यातच का टिकलं, याची कारणं सत्यशोधक चळवळीपासून भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांपर्यंत पुष्कळ सांगितली जातात आणि ती खरी आहेत. पण या शिवेचं कारण मला सगळ्यात पक्कं वाटतं. माणूस कितीही शूर असला तरी रात्री झोपायला जागा लागते.

नाना पाटील हे या सरकारचा तोंडावळा होते. येडेमच्छिंद्रचे, एके काळचे तलाठी. १९३० साली नोकरी सोडली ती कायमची. उंचापुरा माणूस, पटका, खणखणीत आवाज आणि शेताच्या बांधावरची भाषा. त्यांच्या भोवती किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, पांडू मास्तर आणि कितीतरी जण. कुंडलची तुफान सेना होती, तिने ७ जून १९४३ला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली. १४ एप्रिल १९४४ला थेट खानदेशात, धुळ्याच्या बाजूला चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात होती. सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी २४ जुलै १९४३ला भरदिवसा तट ओलांडून पळाले. मागून आलेल्या गोळ्यांत अण्णासाहेब पत्रावळे गेले, दादा खांद्यात गोळी घेऊन सापडले.

नाना पाटलांच्या लेकीची, हौसाताईंची एक आठवण पुढे बरीच प्रसिद्ध झाली. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर दारुड्या नवऱ्याने बायकोला बदडायचं, बायकोने ऊर बडवून रडायचं, असं नाटक रचलं होतं. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले, तेवढ्यात मागून आलेल्या साथीदारांनी चौकीतल्या बंदुका पळवल्या. हौसाताईंची तक्रार एवढीच होती की नाटक खरं वाटावं म्हणून त्यांना मारलं मात्र खरंखुरं.

अशा गोष्टी रंगतात, पण सरकार चालतं ते न्यायनिवाड्यावर. न्यायदान मंडळं होती. गहाण पडलेली जमीन, सावकाराचा हिशेब, टाकलेली बायको, बांधाचं भांडण, सगळं तिथे यायचं. लग्नं काटकसरीत, हुंड्यावाचून, वाजंत्रीवाचून लावायची, त्याला गांधी लग्न म्हणायचे. गावात दरोडेखोर आणि पोलिसांचे खबरे यांना शिक्षा व्हायची तळपायावर काठ्यांची. बैलाला पत्री मारावी तशी, म्हणून लोकांच्या तोंडी ‘प्रति’चं ‘पत्री’ झालं असं सांगतात. शिक्षेत अतिरेक झाला का? काही ठिकाणी झाला. गावकीची जुनी उट्टीही काढली गेली. सहाशेच्या आसपास गावांवर ज्यांचा अंमल चालला असं म्हणतात, त्यांच्या हातून फक्त न्यायच झाला असं मानणं म्हणजे त्यांना माणूस न मानणं.

१९४६ साली निवडणुका झाल्या, बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागे घेतली गेली. जवळजवळ चार वर्षांनी नाना उघडपणे लोकांसमोर आले. प्रतिसरकार कुणी मोडलं नाही, त्याने स्वतःहूनच आपलं दुकान आवरलं. आणि इथेच पहिली फट पडली. ती त्या वेळी कुणाला फारशी दिसली नाही.

त्याच निवडणुकीत ३३ वर्षांचे यशवंतराव चव्हाण आमदार झाले आणि पाठोपाठ संसदीय चिटणीस म्हणून मुंबईत गेले. त्यांचं गाव देवराष्ट्रे, नानांचं येडेमच्छिंद्र. दोन्ही कृष्णेच्या टापूतली, तासाभराच्या अंतराची गावं. यशवंतरावांनी १९४२चे मोर्चे बांधले, भूमिगत राहिले, १९४३मध्ये पकडले गेले. प्रतिसरकारचा खरा जोर नंतरचा. म्हणून यशवंतराव प्रतिसरकारचे की नव्हेत, यावर आमच्याकडे पारावर अजून वाद होतात. मला तो वाद फुकाचा वाटतो. त्यांनी ‘कृष्णाकाठ’ हे आत्मचरित्र लिहिलं ते १९४६शी आणून थांबवलं. पुढचे भाग लिहायचे होते, ते राहून गेले. पण वाचणाऱ्याला वाटतं की त्यांनीही तोच उंबरठा ओळखला होता: इथपर्यंत चळवळ, इथून पुढे सरकार.

उंबरठ्याच्या बाहेर जे राहिले, त्यांना सरकार लवकरच अनोळखी दिसू लागलं. मंत्रालयात (तेव्हाचं सचिवालय) तीच जुनी माणसं, गावात तोच फौजदार. ज्याला दोन वर्षांपूर्वी पत्र्या मारल्या, तोच आता खादी घालून काँग्रेसच्या व्यासपीठावर. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी आधी काँग्रेसमध्येच शेतकरी कामगार संघ काढला आणि १९४८ला शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) उभा केला. नाना पाटील तिकडे गेले. कुंडलचे बापू, वाळव्याचे अण्णा, ही सगळी मंडळी डावीकडे. किसन वीर, वसंतदादा, यशवंतराव काँग्रेसमध्ये. एका ताटात जेवलेल्यांची दोन ताटं झाली.

याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली, ती सातारकर लेखक सहसा ओलांडून जातात. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींचा खून झाला, मारेकरी ब्राह्मण निघाला, आणि सातारा जिल्ह्यात व लगतच्या संस्थानांत ब्राह्मणांची घरं, वाडे, दुकानं जाळली गेली. गावंच्या गावं अशी आहेत जिथली कुटुंबं रातोरात पुण्या-मुंबईकडे गेली आणि परतली नाहीत. ज्या टापूने सहा वर्षांपूर्वी कायदा हातात घेऊन न्याय करून दाखवला, त्याच टापूत कायदा हातात घेण्याचं हे दुसरं रूप दिसलं. जाळपोळ प्रतिसरकारने केली असं कुणी म्हणू नये, ते तोपर्यंत विसर्जित झालं होतं. पण ‘गावाने ठरवलं’ म्हणजे न्याय झाला, हे समीकरण तिथे कायमचं मोडलं, असं माझं मत आहे. आधीच गावात कमी होत चाललेला जमीनदार-सावकार ब्राह्मण यानंतर राजकारणातून जवळजवळ नाहीसाच झाला. त्याच वर्षी कुळकायदा आला, आणि जमिनीचं चित्र पालटलं.

८ मार्च १९४८ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. ज्या शिवेने भूमिगतांना सांभाळलं होतं, ती एका सहीने पुसली गेली. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे दोन तुकडे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे प्रतिसरकारचे बालेकिल्ले दक्षिणेत गेले, सांगली-मिरज-जतला जोडले गेले. दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली व्हायला १९६० उजाडलं. औंध गाव स्वतः साताऱ्यात राहिलं, पण त्याचं कुंडल आणि आटपाडी सांगलीत गेलं.

नव्या सरकारला टीका फारशी सोसत नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मंत्र्यांवर जाहीर टीका केली म्हणून खेर सरकारने रयत शिक्षण संस्थेचं अनुदान काही काळ बंद केलं. गरिबांच्या पोरांना शिकवणाऱ्या संस्थेवर स्वराज्यातल्या सरकारने ही वेळ आणावी, हे लोकांना लागलं. अनुदान पुढे सुरू झालं. गोष्ट मात्र लक्षात राहिली. कासेगावच्या बाबूजी पाटणकरांचं त्याहून वाईट झालं. प्रतिसरकारातला हा शिकलेला, गावात शाळा उभी करणारा कार्यकर्ता स्वातंत्र्यानंतर डाव्या चळवळीत राहिला. १९५२ साली त्यांचा खून झाला. इंग्रजांच्या गोळ्यांतून वाचलेला माणूस स्वतंत्र देशात आपल्याच भागात मारला गेला. मागे पत्नी इंदुताई, त्याही प्रतिसरकारातल्याच, आणि दोन-तीन वर्षांचा मुलगा. इंदुताईंनी पोराला वाढवलं आणि चळवळ सोडली नाही. त्या मुलाचं नाव या लेखात पुढे पुन्हा येणार आहे.

तेव्हा ‘साताऱ्यात यादवी झाली नाही’ असं मी म्हणतो ते तोलून म्हणतो. रक्त सांडलंच नाही असं नाही. पण दोन बाजू बनल्या, दोघांकडे शस्त्रं चालवायची सवय असलेली माणसं होती, आणि तरीही भांडण मतपेटीकडे वळलं. तिथे मात्र ते दणक्यात झालं.

१९५५च्या अखेरीस राज्य पुनर्रचनेचा घोळ सुरू असताना यशवंतराव फलटणला बोलले. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांतलं एक निवडायचं झालं तर आपण नेहरूंना निवडू, असा त्या बोलण्याचा आशय होता. राजकीयदृष्ट्या तो हिशेबी डाव असेलही. पण ज्या मुलखाने स्वतःचं सरकार काढून दाखवलं होतं, त्याला हे वाक्य झोंबलं. पुढच्या काही महिन्यांत मुंबईत गोळीबार झाले, शंभरावर माणसं मेली, फेब्रुवारी १९५६मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. नोव्हेंबरमध्ये गुजरातीभाषक मुलूखही जोडलेलं अवाढव्य द्विभाषिक राज्य आलं आणि त्याचे मुख्यमंत्री झाले यशवंतराव.

मग १९५७ची निवडणूक. समितीत शेकाप, कम्युनिस्ट, समाजवादी, सगळे एका झेंड्याखाली. नाना पाटील एव्हाना शेकाप सोडून कम्युनिस्ट पक्षात आले होते. त्यांना साताऱ्यातून लोकसभेला उभं केलं. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, म्हणजे वाळवा तालुक्यातलेच, शाहिरीने सभा पेटवत होते. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली. नाना निवडून आले. बापू लाड तासगावातून विधानसभेत गेले. कराडला खुद्द मुख्यमंत्री पडता पडता वाचले. शेकापचे केशवराव पवार समोर होते आणि यशवंतरावांचं मताधिक्य दोन हजारांनाही पोचलं नाही. सरकार टिकलं ते गुजरात, विदर्भ यांच्या जोरावर. म्हणजे असं की राज्याचा मुख्यमंत्री साताऱ्याचा, त्याला हरवायला निघालेलेही साताऱ्याचे, आणि त्याला तारून नेलं दुसऱ्याच मुलखांनी.

साताऱ्याचा हा कृष्णाकाठचा तलाठी, म्हणजे नाना, लोकसभेत मराठीतून बोलला. कळणाऱ्याला कळू दे, असा रोख. कम्युनिस्ट झाले तरी त्यांच्या भाषणात सोव्हिएत शब्द कमी आणि ज्ञानोबा-तुकोबा जास्त असायचे. पक्षाला ते किती मानवलं असेल कोण जाणे, सभेला मात्र मानवायचं.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला जे घडलं ते या सगळ्या गोष्टीचं शिखर म्हणता येईल. प्रतापगडावर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसवायचा होता आणि अनावरणाला पंडित नेहरू येणार होते. यजमान यशवंतराव. नेहरूंनी पूर्वी शिवाजी महाराजांविषयी लिहिलेला मजकूर लोकांना खुपत होता. तो त्यांनी सुधारला होता, तरी राग शिल्लक होता, आणि मुंबईचा राग तर होताच. समितीने ठरवलं की काळी निशाणं दाखवायची.

वाईहून पाचगणीला चढताना पसरणीचा घाट लागतो. खाली कृष्णेचं खोरं, धोमची बाजू, वर पाचगणीचं पठार. हा वाई तालुका म्हणजे किसन वीरांचा, काँग्रेसचा घरचा तालुका. त्या दिवशी या घाटाच्या वळणावळणावर माणसं उभी होती. जिल्ह्याजिल्ह्यांतून आली होती, आदल्या रात्री गावांत मुक्काम करून, भाकरी बांधून. बायका होत्या, म्हातारे होते. नेहरूंची मोटार घाटातून वर चढत राहिली आणि दोन्ही बाजूंनी काळी निशाणं आणि घोषणा चालूच राहिल्या. यशवंतराव हे सगळं पाहत होते. निदर्शनं शिस्तीत झाली, आणि तीच त्यांची ताकद ठरली. दंगल झाली असती तर पोलिसांनी निभावलं असतं. शिस्तीत उभ्या असलेल्या हजारो शेतकऱ्यांचं काय करायचं?

मला वाटतं, घाटातल्या त्या शिस्तीमागे एक शाळा होती. रात्री-अपरात्री निरोप पोचवायचा, गावागावांतून माणसं वेळेवर हलवायची, त्यांच्या जेवणाची सोय लोकांच्या घरी लावायची, हे सगळं या भागातल्या कार्यकर्त्यांनी १९४३ ते ४६ या वर्षांत गिरवलेलं होतं. पूर्वी इंग्रजाविरुद्ध वापरलेली विद्या आता आपल्याच मुख्यमंत्र्याच्या दारात वापरली जात होती. आणि तो मुख्यमंत्रीही त्याच शाळेतला असल्याने त्याला ती नेमकी वाचता येत होती. यशवंतरावांनी गोळीबार करवला नाही, दिल्लीला समजावत राहिले, आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. श्रेय कुणाचं यावर समितीवाले आणि काँग्रेसवाले आयुष्यभर भांडले. माझ्या मते राज्य घाटात मिळालं आणि दिल्लीत लिहून घेतलं गेलं. पैकी एकही काम दुसऱ्याशिवाय झालं नसतं.

राज्य मिळालं आणि समितीचं प्रयोजन संपलं. इथून यशवंतरावांचं ‘बेरजेचं राजकारण’ सुरू झालं. शब्द गोड आहे. त्याचा अर्थ, विरोधकातली कर्तबगार माणसं एकेक करून आपल्याकडे आणायची. शेकापमध्ये गाजलेले कराडचे यशवंतराव मोहिते १९६० साली काँग्रेसमध्ये आले, पुढे मंत्री झाले. १९६२ला जिल्हा परिषदा आल्या, पंचायत समित्या आल्या. गावातल्या हुशार, बोलक्या, माणसं जमवणाऱ्या पोराला सत्तेची पायरी घराजवळ मिळाली. साताऱ्याची लोकसभेची जागाही १९६२ला काँग्रेसने परत घेतली. ती जिंकली किसन वीरांनी. बेरीज म्हणून हे गणित बिनचूक होतं. फक्त प्रत्येक बेरजेत विरोधी पक्षातून एक वजा होत होता, ते कुणी मांडलं नाही.

आणि कारखाने. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी वाट घालून दिली होतीच. वसंतदादांनी सांगलीला शेतकऱ्यांचा कारखाना काढला, गाळप १९५८ला सुरू झालं. शिक्षण जेमतेम, पण माणसाची आणि जमिनीची जाण अफाट. शेअर गोळा करायला ते गावोगाव हिंडले. तुरुंगाच्या तटावरून उडी मारलेला माणूस पैसे बुडवणार नाही, या भरवशावर लोकांनी पैसे दिले. सहकाराच्या इतिहासात भांडवल, परवाना, यंत्रसामग्री यांचे आकडे पुष्कळ सापडतात. हा भरवसा कुठल्या रकान्यात लिहायचा ते मात्र कुणाला सुचलेलं नाही. प्रतिसरकारने कमावलेली पत अशी साखरेत उतरली.

भांडणंही साखरेतच उतरली. रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्याच्या निवडणुका पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांत लढल्या गेल्या. सांगली जिल्ह्यात वसंतदादा आणि राजारामबापू पाटील एकाच पक्षात असून आमनेसामने. वारणेवर धरण खुजगावला व्हावं असा दादांचा आग्रह, चांदोलीला व्हावं असा बापूंचा. दोघांचे कार्यकर्ते या दोन गावांच्या नावाने हमरीतुमरीवर यायचे. धरण अखेर चांदोलीला झालं, आणि त्याच्या जलाशयाला नाव मिळालं वसंतसागर. इतिहासाला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं!

डावीकडे राहिलेल्यांपैकी बापू लाड आणि नागनाथअण्णा यांची गोष्ट एकविसाव्या शतकापर्यंत जाते, ती इथेच सांगून टाकतो. अण्णांनी कारखान्याचा मार्ग उशिरा धरला. १९८०च्या दशकात वाळव्यात कारखाना उभा केला आणि त्याला आपलं किंवा आपल्या वडिलांचं नाव न देता शिराळा तालुक्यातल्या त्या चकमकीत पडलेल्या आपल्या साथीदाराचं, किसन अहिरांचं नाव दिलं. त्या काळात उसाला चढा दर देणारा कारखाना म्हणून त्याची ख्याती झाली आणि शेजारच्या कारखान्यांची अडचण झाली. एखादा साखर कारखाना हे विरोधाचं साधन होऊ शकतं, हे अण्णांनी करून दाखवलं.

पण कृष्णाकाठी पाणी आहे म्हणून ऊस आहे. पूर्वेला आटपाडी, जत, खानापूर, साताऱ्यातले माण-खटाव इथे पाऊस पाठ फिरवतो. धरणं भरली, कालवे आले, सत्ता आली, आणि हा भाग होता तसाच राहिला. माणदेशातला माणूस अजून ऊसतोडीला नाही तर मुंबईला हमालीला जातो. १९९३ सालापासून आटपाडीला पाणी परिषद भरू लागली. व्यासपीठावर सत्तरी ओलांडलेले नागनाथअण्णा, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, आणि त्यांच्याबरोबर भारत पाटणकर, म्हणजे कासेगावच्या बाबूजींचा तो मागे राहिलेला मुलगा. मागणी १३ दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी समन्यायी वाटून द्यावं, ही. समोर सरकार होतं ते त्यांच्या जुन्या साथीदारांच्या वारसांचं. आटपाडी ही जुनी औंध संस्थानची. तिथेच राजाने कैद्यांसाठी भिंतीवाचूनची वसाहत काढली होती, स्वतंत्रपूर. त्या गावात पन्नास वर्षांनी माणसं स्वतंत्र देशाकडे पाणी मागत बसली होती. बापू लाड २०११मध्ये गेले, अण्णा २०१२मध्ये. शेवटपर्यंत दोघांनी मोर्चा सोडला नाही.

राहिले नाना. १९६७च्या निवडणुकीत सातारची जागा यशवंतरावांनी स्वतःसाठी घेतली. नाना कृष्णाकाठ सोडून मराठवाड्यात गेले, बीडमधून कम्युनिस्ट पक्षातर्फे उभे राहिले आणि निवडून आले. म्हणजे कृष्णाकाठची ही दोन माणसं एकाच वेळी लोकसभेत बसली, एक गृहमंत्री म्हणून, दुसरा विरोधी बाकावर. आणि दोघांची एकमेकांशी थेट लढत कधी झाली नाही. लोक म्हणतात, ठरवून टाळली. ठरवलं असो वा नसो, मला त्यात जुनी ओळख दिसते.

नानांनी कारखाना काढला नाही, संस्था काढली नाही, बँक काढली नाही. लोकांकडून मिळेल ते खाल्लं, मिळेल तिथे झोपले. म्हणून त्यांच्या नावाची घराणेशाही नाही, आणि त्यांच्या नावाची पाटी त्या उसाच्या रस्त्यावर शोधावी लागते.

६ डिसेंबर १९७६ला मिरजेत त्यांचं निधन झालं. देशात आणीबाणी होती, मोर्च्यांना बंदी होती. यशवंतराव दिल्लीत परराष्ट्रमंत्री होते. पुढच्या वर्षी वसंतदादा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. नानांवर अंत्यसंस्कार झाले ते वाळव्यात. तशी त्यांचीच इच्छा होती.